पांढऱ्या रेघेवरून

"अगं, हळू सोड क्लच! हळू!" मागच्या सीटवरून नवरा ओरडला आणि गाडीनं अशी उडी मारली, की शेजारी बसलेल्या विक्रेत्याच्या खिशातलं पेन उडून त्याच्याच कॉलरीत शिरलं. म्हणे अजून सापडलेलं नाही.

शिंपीणबाईनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. छत्तीस वर्षं शिवणाच्या मशीनवर चाललेला तिचा पाय इथंही आपला खाली-वर, खाली-वर. गाडीला उचकी लागलेली.

"पाय काय नाचवतेस? मशीन आहे का ते?"

"मशीनच आहे! तुम्ही गप्प बसलात तर चालेल!"

नवरा जन्मभर बस चालवलेला. त्याचं ऐकाल तर, एकदा ब्रेक गेलेली बस त्यानं नुसता हॉर्न वाजवून थांबवली होती. बायकोला मात्र स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तिचं लायसन बारा वर्षं बटणांच्या डब्यात पडून होतं. आता त्याच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, दवाखाना गावाच्या त्या टोकाला, आणि मागच्या खेपेला हा पठ्ठ्या चुकीच्या बसमध्ये बसून भलतीकडेच पोचला. म्हणून ही जुनी गाडी. त्यातही त्याचाच हट्ट, की तिनं चालवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

"ट्रक! समोर ट्रक आहे, दाब ब्रेक!"

"अहो, कचरापेटी आहे ती! कडेला!"

मागून आवाज आला नाही. तिनं जीभ चावली. छे, काय हा माणूस! ओरडला तरी डोक्याला ताप, गप्प बसला तरी जिवाला घोर.

तिनं गाडी कडेला घेतली. चपला काढल्या. मशीनवर कधी चपला घालून बसली होती का ती? "धरा हो जरा," म्हणून विक्रेत्याच्या हातात दिल्या. बिचाऱ्यानं धरल्या.

अनवाणी पायाला पेडल कळलं. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ म्हणजे खडूची खूण. कापड ओढायचं नाही, नुसतं वळवायचं. चौकातलं वळण तिनं कॉलर शिवावी तसं घेतलं, एक चुणी पडली नाही.

"तिसरा टाक," मागून हळूच आलं. "इंजिन जड बोलतंय."

तिनं टाकला. गाडी मऊ धावू लागली.

"कान शाबूत आहेत हं तुमचे," ती म्हणाली. तो नुसता हुंकारला.

चार दिवसांनी दोघं गाडी न्यायला आले. विक्रेत्यानं पुढं केलेली किल्ली नवऱ्यानंच घेतली आणि तडक ड्रायव्हरच्या दाराशी गेला. दार उघडलं. तिथंच थांबला.

ती पदर खोचत उभी राहिली.

त्यानं खिशातून रुमाल काढला. रोज बसची सीट झटकायचा तशी ड्रायव्हरची सीट झटकली, किल्ली तिच्या हातात ठेवली.

"चपला काढ आधी," म्हणाला, आणि बॉनेटवर हात टेकत टेकत पलीकडच्या दाराकडे निघाला.