दोघींचा मधला हात

मित्रांनो, टिळकवाडीतल्या एका घरात टीव्हीसमोर मी उभी असते. बैठका दोन, पाठी दोन, पण हात मात्र तीनच, असं माझं शरीर. बंद पडलेल्या एका टॉकीजमधली मी जुनी जोडखुर्ची. आता फार थकले आहे. बैठक उघडताना करकरते, मिटताना अडकते. तरीही आज बोलणार आहे, कारण परवाच्या रविवारी माझं मरण अगदी जवळून गेलं.

खानापूरच्या रानातल्या सागवानातून मला घडवलं. खडेबाजाराजवळच्या टॉकीजच्या बाल्कनीत, बायकांच्या बाजूला, लांब रांगेत मला जमिनीशी बोल्टनं आवळून टाकलं. माझ्यावर बसून बायका रडल्या, त्यांनी शेंगा फोडल्या, मांडीवर लेकरं निजवली. खुर्चीकडे कोणी बघत नसे, सगळ्यांचे डोळे पडद्याकडे. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तिथंच विनोदिनी आणि नागुबाई भेटल्या. विनोदिनी टिळकवाडीतल्या वकिलांची मुलगी, नागुबाई अनगोळच्या शेतकऱ्याची. दोघींनी एकाच वेळी माझ्या मधल्या हातावर कोपर टेकलं. विनोदिनीनं जरा ढोसलं, तेव्हा नागुबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "अर्धा हात माझ्या तिकिटातला हाय."

पुढं त्या दोघी बरोबरच येऊ लागल्या. तेव्हा पडद्यावर एक नटी असायची. आधी नायिकेची मैत्रीण, मग वहिनी, मग सासू. नायिका ती कधीच झाली नाही. पोस्टरवर तिचा चेहरा खालच्या कोपऱ्यात, कधी तोही नाही. पण या दोघींना तीच आवडायची. नायिका ढसाढसा रडत असताना ही मागं उभी राहून पदरानं डोळे टिपायची, तेवढंच खरं वाटतं, असं विनोदिनी म्हणायची.

मग टॉकीज बंद पडलं. छत गळू लागलं, आमच्यावर कबुतरं राहिली. सामानाचा लिलाव झाला तेव्हा विनोदिनीचे यजमान शरदराव यांनी रांगेतून नेमकं मलाच शोधून आणलं. टॉकीजच्या खुर्चीला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नाही, ती जमिनीला धरून असते. म्हणून भरमा सुतारानं माझ्या पायांखाली जाड फळी ठोकली. शरदराव जाऊन पुष्कळ दिवस झाले. फळी अजून आहे.

दरवर्षी टीव्हीवर चित्रपट पुरस्कारांचा सोहळा लागला की नागुबाई अनगोळहून रिक्षानं येते. येताना कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या मिठाईचा, डबा आणते. आपल्या नटीला पुरस्कार मिळाला तरच डबा उघडायचा, असा दोघींचा नेम. नाव पुकारेपर्यंत घरात कोणी जागचं हलायचं नाही, आणि माझ्या मधल्या हातावर एकीचा हात, त्यावर दुसरीचा. नटीला आता म्हातारीच्या कामासाठी नामांकनं मिळतात. पुरस्कार दुसरीच घेऊन जाते. मग विनोदिनी परीक्षकांना बोलते. जन्मभर शाळेत शिकवलंय, तेव्हा नापास मुलांना बोलावं तशीच बोलते. नागुबाई जिंकलेल्या बाईच्या साडीला नावं ठेवते. डबा न उघडताच सुनेच्या, म्हणजे दिपालीच्या हाती जातो.

यंदा घरात सोफा घ्यायचं ठरलं. दिपाली वाईट नाही हो. माझ्या खिळ्यानं तिचे चांगले कपडे फाडलेत, आणि खोली लहान आहे. भरमाकडून मला मधोमध कापून घ्यावं, एक खुर्ची गॅलरीत ठेवावी आणि दुसरी भंगारात द्यावी, असं तिनं सुचवलं. विनोदिनी वाद घालून दमली. शेवटी एवढंच म्हणाली, "आमच्या नटीला एकदा पुरस्कार मिळू दे. मग काय ते करा."

यंदा तो मिळणार अशी सगळ्यांची खात्री होती. दिपालीनं भरमाला सोमवारी यायला सांगूनही ठेवलं.

माझी अवस्था ओळखा. ज्या दोघींनी मला ऊब दिली, त्यांच्या मनासारखं झालं की माझे दोन तुकडे. मधला हात एकीकडे जाणार, दुसरी अर्धी लुळी पडणार. नटीनं जिंकावं असं वाटायचं, आणि वाटलं की लाकूड आतून थरथरायचं.

सोहळा खरा आधीच होऊन गेलेला असतो, टीव्हीवर नंतर दाखवतात. निकाल दिपालीला फोनवर कळतो. ती सांगत नाही, विनोदिनी विचारत नाही. पण यंदा शनिवारी फोन टेबलावर उघडाच राहिला होता. विनोदिनीनं चष्मा लावून वाचलं. माझ्यावर येऊन बसली आणि मधल्या हातावरून तळवा फिरवत राहिली. मला वाटलं, हा निरोप.

रविवारी संध्याकाळी नागुबाई आली. गुडघे धरून सावकाश टेकली. डबा मांडीवर. नामांकनं दाखवली. विनोदिनीचा हात गार होता, त्यावर नागुबाईचा खरबरीत हात.

नाव दुसरीचंच आलं.

पडद्यावर आपली नटी दिसली. ती हसून टाळ्या वाजवत होती. परीक्षकांना कोणी बोललं नाही. साडीकडे कोणी पाहिलं नाही. नागुबाई म्हणाली, "जल्मभर दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवून हात दुखत असतील गं तिचं."

"नागू, मला काल कळलं होतं. तुला सांगवलं नाही."

"मला परवाच कळलंय. नातीनं दाखवलं."

"मग एवढे गुडघे दुखत असताना आलीस कशाला?"

"तू एकटीच बघत बसली असतीस की."

विनोदिनीनं दिपालीला हाक मारली. भरमाला उद्या येऊ नको म्हणून सांग, नटीला पुरस्कार मिळालेला नाही, असं म्हणाली. दिपाली दारातच उभी होती. "कालच सांगितलंय, आई. सोफा आतल्या खोलीत लावू."

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला.

नागुबाईनं डब्याचं झाकण काढलं. नेम मोडतेस की गं, असं विनोदिनी म्हणाली. "मोडू दे. पुढच्या वर्साला दात असतील का न्हाय कुणाला म्हाईत," नागुबाई म्हणाली, आणि दोघी त्याच डब्यातून हातानं खाऊ लागल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू काढाव्या लागतात. आम्हालाही कायम राहायची हौस नसते, थकवा येतो. पण खुर्चीला करवत लावण्याआधी तिच्यावर एकदा बसून पाहा. शेजारी कोण बसत होतं, ते आठवा. ते माणूस अजून येत असेल, तर थोडं थांबा.

माझा मधला हात परवापासून चिकट आहे. कुंदा सांडलाय. दिपालीनं अजून पुसलेला नाही.