हलक्या मातीची वेल

संघर्षला पाटीसाठी नाव हवं होतं आणि ते त्याला माझ्याच हातचं हवं होतं.

"वहिनी, तुम्ही बॉटनीवाल्या. आपल्या वेलीचं खरं नाव तेवढं लिहून द्या. पेंटर उद्या येऊन राह्यला."

मी नुकतीच दिग्रसहून एसटीत उभ्यानं आले होते. ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते, म्हणजे शिकवलं तर पगार, नाही तर नाही. घरी आलं की स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, आणि उरलेल्या वेळात गावाची वनस्पती-ओळख. कुणाच्या बांधावर काही नवं उगवलं की ते माझ्या दारात येऊन पडतं. लोकांनी मला गाजरगवतसुद्धा ओळखायला आणून दिलेलं आहे. नवरा, धम्मदीप, राजूरकडं खाणीत कामाला असतो. सुटीत येतो आणि झोपतो. त्याला कुणी पानं दाखवत नाही.

पण ही वेल टाळण्यासारखी नव्हती. आमचं गाव पुनर्वसनातलं. जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा लोकांनी दारं आणली, वासे आणले, दळायची जाती आणली. माझ्या सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी, जुन्या विहाराच्या दारावरच्या पांढऱ्या वेलीचं मूळ ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं. जुन्या गावातली एवढीच एक जिवंत गोष्ट नव्या गावात आली, असं सगळे सांगतात. आता इतक्या वर्षांनी नवा विहार बांधून झाला होता. आश्विन पौर्णिमेला, पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या दिवशी, त्याच्या दाराशी आमच्या अंगणातल्या वेलीचं रोप लागणार होतं, आणि ते आई, म्हणजे सासूबाई, स्वतः लावणार होत्या. संघर्ष विहार समितीचा सचिव. रोप तयार, खड्डा तयार, राहिली होती फक्त पाटी.

आईंचे गुडघे गेलेत आणि एका डोळ्यानं धूसर दिसतं. त्यांनी आता काही मागणंच सोडून दिलं आहे. ही एक गोष्ट तेवढी धरून ठेवली होती.

"एकदा थे वेल इहाराच्या दारावर चढली का मी मोकळी," त्या रोज म्हणायच्या. मी चहा टाकताना म्हणायच्या, मी भांडी घासताना म्हणायच्या. मलाही कधी मोकळं व्हायचं असेल, हे त्यांच्या मनात येत नसे.

संघर्षनं आधी फोटो कुठल्याशा बागवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. एकानं जुई म्हटलं. एकानं परदेशी क्लेमॅटिस म्हटलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी अत्यंत दुर्मीळ असल्याचं कळवून लगेच फांदी मागितली. त्यातला दुसरा निम्मा बरोबर होता. क्लेमॅटिस खरंच, पण परदेशी कशाला, आपल्याच रानातली. फुलाला चार पांढऱ्या पाकळ्या दिसतात, त्या पाकळ्या नव्हेतच, एरवी हिरवी असणारी बाहेरची निदलंच पांढरी होऊन बसलेली असतात. वेलीला धरायला ताणेही नसतात. पानाचा देठच तारेला वेढा घालतो, आणि पान वाळून गळालं तरी देठ तार सोडत नाही. कुणी मोरवेल म्हणतं, कुणी रानजाई. आपल्याकडं हिची दोन-तीन भावंडं आहेत, आणि लोक कुठल्याही भावंडाला कुठल्याही नावानं हाक मारतात. पाटीवर नक्की कुठलं भावंड लिहायचं, एवढाच प्रश्न होता.

मी कुंपणाशी गेले. एका देठावर पाच-पाच पानं. फूल करंगळीच्या नखाएवढं, तेही अजून बरंचसं कळीतच. म्हणजे क्लेमॅटिस गौरियाना. काम संपलं होतं. तेवढं लिहून दिलं असतं तर मी त्या दिवशी वेळेवर जेवले असते. पण आई ओट्यावर बसल्या होत्या, म्हणून सहज विचारलं, जुन्या गावी कशी होती हो ही?

"मोठी होती वं," त्या म्हणाल्या. "माह्या नावावरून पोरी हासत मले. पाच फुलं ठेवली का पूजेचं ताट भरे. पौर्णिमेले तं दार दिसत नव्हतं फुलाइनं. अथी हलकी माती. फूल बी लहान झालं, अन् फुलते बी उशिरा."

हे आमच्या गावाचं जुनं गाऱ्हाणं. इथली वांगी लहान, इथली ज्वारी लहान, विहिरीचं पाणी मचूळ. जुन्या गावच्या म्हशीसुद्धा मोठ्या होत्या म्हणतात. तिथं जन्मलेली सगळी माणसं इथं येऊन थोडीथोडी कमी झाली, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यात एक वेल लहान झाली तर कुणाला नवल वाटणार? मलाही लग्न होऊन आल्यापासून वाटलं नव्हतं.

"आणि पान?" मी विचारलं.

"पान बेलासारखं. तीन पानी."

हलक्या मातीत फूल लहान होईल, बहर मागंपुढं होईल. पण तीन पानांची पाच पानं होत नाहीत. आईंना म्हटलं असतं तर त्यांनी तेही मातीवर ढकललं असतं. मी संघर्षला फोन करून सांगितलं, दोन दिवस थांब. तो म्हणाला, नावात एवढं काय हाय वहिनी. मी फोन ठेवून दिला.

ही वेल अंगणात आली कशी, हे मी आईंकडून शंभरदा ऐकलं होतं. प्लॉट पाडले तेव्हा जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा होत्या. आईंनी घर उभं राहायच्या आधी कोपऱ्यात वेल लावली. नंतर रेघा पुसल्या गेल्या, मोजणीवाले पुन्हा आले आणि सगळी रांग काही हात सरकली. वेलीचा कोपरा शेजारच्या धुरपताबाईंच्या वाट्याला गेला. आईंनी रेघेवरून वेलीची एक फांदी ओढून आपल्या बाजूला मातीत दाबली. त्यावरून भांडण पेटलं. "उपटून फेकली तुही वेल," असं धुरपताबाई भर रस्त्यात ओरडल्या. आमच्या सासऱ्यांनी, उकंडाजींनी, मध्ये टिनाचं उंच कुंपण घातलं. पुढच्या वर्षी दाबलेल्या जागी कोंब आला. ती ही वेल. तेव्हापासून आई धुरपताबाईंच्या दारात गेलेल्या नाहीत. एका गावातून उठून आलेल्या दोन बाया, एका भिंतीच्या अंतरावर, आणि एकमेकींच्या घरचं मरणसुद्धा त्यांनी तिसऱ्याकडून ऐकलं.

वर्षावासात आमच्याकडं ग्रंथवाचन घरोघरी फिरतं. वाचायला अर्थातच मी. त्या संध्याकाळी पाळी धुरपताबाईंच्या घरची होती. इतकी वर्षं मी त्यांची पाळी आली की डोकं दुखतं म्हणून सांगायचे. घरात शांतता राहावी म्हणून सुनेला काय काय दुखवून घ्यावं लागतं. या वेळी मात्र दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. समितीनं दोनदा निरोप पाठवला. मी आईंना न विचारताच गेले.

वाचनाआधी हातपाय धुवायला धुरपताबाईंची सून, पुष्पा, मला मागं घेऊन गेली. मोरीवर वेल चढली होती. टिनापलीकडून ती आम्हाला दिसणं शक्य नव्हतं. पूर्ण बहरात होती, पांढरीशुभ्र. एकेक फूल रुपयाच्या नाण्याहून मोठं, चारच पाकळ्या. मी एक पान ओढून पाहिलं. एका देठावर तीन. बेलासारखं.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"कोनास ठाऊक. मी आली तवापासून हाय. आमच्या बुढीशिवाय कोनाले हात नाई लावू देत," पुष्पा म्हणाली.

त्या दिवशी मी काय वाचलं ते मला आठवत नाही. समोर धुरपताबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि मला त्यांचा रागही येत होता, मायाही येत होती. त्याच वेळी वाटत होतं, हे आपल्यालाच का दिसावं. आईंना सांगावं तर त्यांनी जपलेली वेल वाऱ्यावर आलेलं रानबी ठरते. या वेलीच्या बियांना पिसासारखी शेपटी असते, कुंपण दिसलं की अडकतात. आईंनी दाबलेली फांदी केव्हाच मेली असणार. न सांगावं तर त्या पौर्णिमेला, एवढ्या लोकांसमोर, दुसरीच वेल जुन्या गावची म्हणून लावणार. आणि खाली पाटीवर नाव माझ्या अक्षरात.

सकाळी मी सांगितलं. चहा दिला आणि सांगितलं. रात्रभर शब्द जुळवले होते, त्यातला एकही वापरला नाही. आपली वेल ही नव्हे आई, तुमची पलीकडं आहे, मोरीवर, एवढंच म्हणाले.

त्यांनी चहा खाली ठेवला. मला वाटलं रडतील, नाही तर मलाच धरतील, कारण बातमी आणणाऱ्याला धरणं सोपं असतं.

"तीन पानी हाय?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"मंग माती चांगलीच होती म्हना की," त्या म्हणाल्या. "मी उगाच नावं ठेवली मातीले."

मग भिंतीला हात लावून उठल्या. "चाल."

टिनामुळं रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता आणि मला कॉलेजच्या गाडीला उशीर होत होता. धुरपताबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. आईंना पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या नाहीत. त्यांचेही गुडघे गेलेत.

"उपटली म्हनली होती तू," आई म्हणाल्या. धुरपताबाईंनीही ये, बस म्हटलं नाही.

"म्हनली होती."

"मंग?"

"उपटाले गेलती. बुडाशी हात बी घातला." धुरपताबाई सुपाकडं पाहत म्हणाल्या. "मंग वाटलं, माह्यं बी गाव बुडलंच ना वं. एकटं तुह्यंच होतं काय?"

आई ओट्याच्या कडेवर बसल्या. "सांगाचं तं होतं."

"कसं सांगू? टिन कोनं मारलं?"

पुष्पानं मागून फुलं तोडून आणली आणि आईंच्या हातात दिली. पाचच होती. ओंजळ भरली. आईंना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी एकेक फूल अंगठ्यानं चाचपलं, आणि मग रडल्या, लहान मुलीसारख्या, तोंड न झाकता. धुरपताबाईंनी त्यांच्या हाताला हात लावला नाही. सूप मात्र आपल्या मांडीवरून दोघींच्या मध्ये सरकवलं. थोड्या वेळानं आई डोळे पुसून गहू निवडायला लागल्या. मी कॉलेजला फोन करून तास बुडवला. तास बुडाला की पगारही बुडतो, पण त्या दिवशी ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

संध्याकाळी संघर्ष आला आणि डोक्याला हात लावून बसला. आमच्याकडचं तयार रोप आता चालणार नव्हतं आणि धुरपताबाईंच्या वेलीचं रोप कुणी कधी केलंच नव्हतं. मोरीवरून एक फांदी ओढून कुंडीत दाबली, वर दगड ठेवला. मुळं धरून ती वेगळी व्हायला पुढचा पावसाळा यावा लागेल. पौर्णिमेला विहार उघडला. खीर वाटली, भाषणं झाली, दाराशी खणलेला खड्डा तसाच राहिला.

"अन् आपली ही?" मी आईंना आमच्या कुंपणावरची वेल दाखवून विचारलं होतं. तिला त्याच आठवड्यात बहर आला होता, बारीक, उशिराचा.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिनं कधी म्हटलं होतं का मी तुह्या गावची म्हनून?"

त्या फांदीचं पुढं कसं, हे ठरवायला दोघी पुन्हा एकदा ओट्यावर बसल्या.

"जगलो तं आपन लावू," आई म्हणाल्या.

"अन् नाई जगलो तं हे हाये," धुरपताबाई म्हणाल्या, आणि दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. टिन अजून तिथंच आहे. मी रोज कॉलेजहून आले की वळसा घालून जाते आणि कुंडीला पाणी घालते. पाण्याचा आवाज ऐकून टिनाच्या आमच्या बाजूनं आई ओरडतात, जास्त घाल. आपल्या ओट्यावरून धुरपताबाई ओरडतात, कमी घाल, सडन. एखाद्या दिवशी कुणाचाच आवाज आला नाही तर मी तांब्या हातात धरून उभी राहते, कुणीतरी ओरडेपर्यंत.