चंद्रभानचा तळपाय

चंद्रभान वाघ बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. मूळचे जळगावकडचे, पण पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि बोईसरबाहेरच्या एका गावात दोन खोल्यांत स्थिरावले. ज्याच्याकडे सर्टिफिकेट, त्यानंच बॉयलरला हात लावायचा, हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला होता की घरातला फ्यूज उडाला तरी ते वायरमनला बोलवायचे.

गावच्या उपकेंद्रात आता नर्सच शुगर-बीपी बघते आणि गोळ्याही देते, हे बायकोकडून कळल्यावर ते वैतागले.

"हेल्परच्या हाती बॉयलर दिल्यासारखं झालं हे. सिस्टरनं सुई टोचावी, औषध डॉक्टरनं द्यावं."

"मग जा ना डॉक्टरकडं," गोजराबाई म्हणाल्या. "चार महिने झाले, कधी गेलात?"

गेले नव्हते. शिफ्ट, ओव्हरटाइम, आणि दवाखान्यात नंबर लागेस्तोवर संपून जाणारी सुट्टी. शुगरची जुनी चिठ्ठी दाखवून ते मेडिकलमधून त्याच गोळ्या आणत होते.

एका मंगळवारी गोजराबाईंना बीपी दाखवायचं होतं. चंद्रभाननी त्यांना मोटारसायकलवरून उपकेंद्रात सोडलं आणि स्वतः बाहेरच उभे राहिले. थोड्या वेळानं दारातून हाक आली, "काका, उन्हात कशाला? आत या."

ही दीपिका सिस्टर. डहाणूकडची, तिशीच्या आतबाहेरची. गोजराबाईंनी तिला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ते आत आल्या आल्या तिनं त्यांचं बोट टोचलं. आकडा बघून वहीत लिहिला. मग म्हणाली, "बूट काढा."

"शुगर पायात असते का?"

"काढा तर."

ती सरळ जमिनीवर बसली. हातात नायलॉनचा बारीक दोरा. "डोळे मिटा. दोरा लागला की हो म्हणा."

चंद्रभान डोळे मिटून बसले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. बाकावर कुणीतरी खोकलं. बराच वेळ झाला तसे ते म्हणाले, "सुरू करा की."

त्यांनी डोळे उघडले. दोरा त्यांच्या अंगठ्याखाली टेकून वाकला होता, आणि गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

सिस्टरनं डावा पाय हळूच वर उचलला. बोटांच्या खाली चिंचोक्याएवढी काळपट जागा होती आणि तिच्या कडेनं ओल. तिनं बूट उलटा करून झटकला, तर लोखंडाचा एक वळलेला कीस फरशीवर पडला. तो बुटात केव्हा शिरला, किती दिवस टोचत होता, चंद्रभानना काहीच सांगता येईना.

सिस्टरनं जखम धुतली, पट्टी ठेवली आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. जखम केवढी, पायाची नाडी लागते का, ताप आहे का, शुगर किती. डॉक्टर विचारतील त्याचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं. फोन ठेवून ती चंद्रभानकडे वळली.

"काका, हे माझ्या हातचं नाही. आत किती खोल गेलंय ते सर्जननंच बघायला हवं. आजच पालघरला जा, उद्यावर टाकू नका."

चंद्रभानना बॉयलरवरचा दाबाचा काटा आठवला. काटा लाल रेषेपाशी गेला की काहीजण घाबरून नको त्या व्हॉल्व्हला हात घालतात. काहीजण आपलं तेवढं करून, वेळेत, बरोबर माणसाला बोलावतात. नव्या पोरांना ते आयुष्यभर हे दुसरं शिकवत आले होते. ते उठले.

पालघरला सर्जननं सिस्टरची चिठ्ठी वाचली, पायाचा एक्स-रे काढला, जखम साफ केली. हाड वाचलं होतं. "पट्ट्या त्यांच्याकडेच करून घ्या," ते म्हणाले, "त्यांना कळतंय."

सात आठवडे चंद्रभान दिवसाआड उपकेंद्रात जात राहिले. दर खेपेला सिस्टर मोजपट्टीनं जखमेचं माप घेई आणि वहीतला मागचा आकडा दाखवी. रोज संध्याकाळी तळपाय कसे बघायचे, ते तिनं गोजराबाईंना शिकवलं. गोळ्याही डॉक्टरांना विचारून बदलल्या. शुगर उतरत गेली आणि जखम भरली.

त्याच सुमारास स्नेहा नावाची एक विद्यार्थिनी फॉर्म घेऊन उपकेंद्रात आली. नर्सना उपचाराचे आणखी अधिकार द्यावेत का, असं ती पेशंटना विचारत होती. पाड्यावरून आलेली लाडकी नावाची बाई म्हणाली, "डाक्टर आमाला लांब हाय. ही जवळ हाय. आन ही आमचं आयकून घेते, खेकसत नाय."

चंद्रभाननी घसा साफ केला. "लिहा, द्यावेत. पण डॉक्टरचा फोन लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर सगळं हिच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका. आणि शिकवा हिला अजून. हिची शिकायची तयारी आहे."

"काका, फॉर्मवर फक्त हो-नाहीची जागा आहे."

"मग मागच्या बाजूला लिहा."

"आणि हेही लिही गं," गोजराबाई मध्येच म्हणाल्या. "चार वाजत आले, पोरीनं अजून डबा उघडला नाही. तिला जेवायला वेळ द्या म्हणावं."

स्नेहानं कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं.