मैनाने बोललेला नारळ

माझी बायको मैना जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "गडाच्या राखणदाराला नारळ बोलले होते, तो राहिलाय. तेवढा द्या." कुठला गड, ते मी विचारलं नाही. दर थंडीत डबा घेऊन आम्ही कुठल्या ना कुठल्या गडावर जायचो.

मागच्या रविवारी जयगडला नारळ ठेवला. आज मुलगी, दीपाली, मला पूर्णगडला घेऊन आली. तटावरून समुद्र तसाच दिसत होता.

"ठेवा इथेही," ती म्हणाली. "राखणदार आपसांत बघून घेतील, बाबा."

"पण तिने मागितलं काय होतं?"

"तुमचं दुखणं बरं व्हावं म्हणून बोलली होती."

मला ते दुखणंच आठवेना. नारळ ठेवला आणि उतरताना म्हटलं, "पुढच्या रविवारी रत्नदुर्ग बघू. तिथेही गेलो होतो, बहुतेक."