जिभेला चिकटणारं हाड

"चिकटलं! चिकटलं!"

दर गुरुवारी सकाळी नऊपासून आमच्या मळीच्या रानात ही आरोळी उठायची. कृष्णेच्या काठाला चार गुंठे ऊस मोडून मांडव घातला होता. बाहेर टेम्पो, ट्रॅक्टर, फटफट्या. पलूस, तासगाव, पार माधवनगरपासून माणसं यायची आणि रांगेत जीभ बाहेर काढून उभी राहायची. चौथऱ्यावर उभं केलं तर माणसाच्या छातीला लागेल एवढं एक हाड आडवं ठेवलेलं. त्याच्या शेजारी महाकाय महाराज बसायचे. हातात रेशमी फडकं आणि त्याच हाडाचा वीतभर तुकडा. भक्तानं तुकड्याला जीभ टेकवायची. भाव खरा असेल तर हाड जीभ धरून ठेवतं म्हणे.

आणि ते खरंच धरायचं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हाड सापडलं आमच्याच रानात. महापुरानं काठ आधीच ढासळला होता. यंदा आषाढात आणखी एक दरड पडली आणि माझे सासरे हंबीरराव, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांना हे मातीत दिसलं. तिसऱ्या दिवशी महाराज हजर. कुठले, कुणाचे, कुणी विचारलं नाही.

"ऐका भक्तहो! बायबल काय म्हणतं? प्रलयाआधी पृथ्वीवर महाकाय होते! पुराण काय म्हणतं? दैत्य होते! दोन ग्रंथ, एक साक्ष! मांडीचं हाड चार फूट, तर आख्खा गडी किती? सोळा फूट!"

श्रावणात सोळा फूट असलेला तो महाकाय दसऱ्यापर्यंत साठ फूट झाला. प्रलयात तो 'बुडाला' की 'वाचला', यावरून चहाच्या टपरीवर गावाचे दोन पक्ष पडले. माझे चुलतदीर धनाजी 'वाचला' या पक्षाचे पुढारी.

"आरं, सांगलीत आयर्विन पुलाला सत्तावन फूट पानी लागलं तवा. ह्यो गडी साठ फूट. नाक वर ऱ्हायलं असनार का न्हाई?"

"त्यो म्हापूर हुता गड्या, ह्यो प्रलय! डोंगर बुडालं त्यात."

"मग पवला असंल."

"पवला तर मग हितं मेला कशानं?"

महाकाय बुडाला की वाचला, यावर गाव दोन महिने भांडलं. हे हाड माणसाचं कशावरून, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. मी विचारलं. एकदाच, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. ते आबांच्या कानावर गेलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी मला रांगेत उभं केलं.

माझी जीभ चिकटली नाही.

महाराजांनी डोळे मिटले. "हिच्या मनात शंका हाय. आईच्या शंकेनंच लेकराची वाढ खुंटली."

मांडवातल्या सगळ्या माना माझ्या पोरीकडे वळल्या. माझी सृष्टी दहा वर्षांची, पण दिसते सातची. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी थायरॉईडचं निदान केलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. गोळी सुरू झाल्यापासून पोर उंच होत होती, दारावरच्या पेन्सिलीच्या खुणा वर सरकत होत्या.

"त्या गोळ्या म्हंजे इख. इख आन् परसाद एका पोटात नांदत न्हाईत," महाराज म्हणाले.

त्याच दिवशी आबांनी गोळ्या उचलल्या. आबा दुष्ट नाहीत. नातीवर जीव आहे त्यांचा, म्हणूनच त्यांना महाकायाच्या हाडाचं पाणी हवं होतं. एकवीस गुरुवार सृष्टीनं शाळा बुडवून चौथऱ्याच्या पायाशी बसायचं, हाड धुतलेलं पाणी प्यायचं आणि गप्प राहायचं.

नवरा सैन्यात, सीमेवर. फोनवर म्हणाला, "आबांचं मन मोडू नगंस. मी सुट्टीवर आलो की बघू." सुट्टीला चार महिने होते. मी एकदा पोरीला घेऊन एसटीच्या थांब्यावर गेले. धनाजीभावजींनी गाडी समोर आडवी घातली. "वैनी, कुठं? चला, सोडतो घरी." घरी सोडलंच. बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. पाण्याच्या टाकीवर मी गेले की बोलणं थांबायचं.

पण खरी कोंडी वेगळीच होती. माझी जीभ चिकटली नव्हती, हे खरं होतं. मी बी.एस्सी. झालेली बाई, तरी भाकरी थापताना मनात यायचं, असेल का माझंच काही पाप?

सृष्टीचा चेहरा सुजला. आवाज घोगरा झाला. ऑक्टोबरच्या उन्हात ती स्वेटर घालून बसायची. वर्गात बाकावर झोपायची. म्हणूनच तिच्या विज्ञानाच्या बाई एका गुरुवारी मांडवात आल्या. सोनिया मॅडम, मिरजेच्या.

त्या ख्रिस्ती आहेत हे कळल्यावर महाराज फुललेच. "या बाई, या! तुमच्याच ग्रंथातलं हाय हे!"

"ग्रंथ मी रोज वाचते," मॅडम म्हणाल्या. "महाकाय होते असं त्यात आहे. प्रलयात तारवाबाहेरचं, म्हणजे वाचवणाऱ्या त्या एका जहाजाबाहेरचं, सगळं मेलं असंही आहे. आणि पुढं पुन्हा महाकाय दिसले असंही आहे. मग ते वाचले कसे, यावर आमच्यात शेकडो वर्षं वाद चाललाय. माझे वडील चर्चमध्ये पाळक होते. तेसुद्धा म्हणायचे, मला ठाऊक नाही. तुम्हाला कसं ठाऊक?"

"हाड बोलतं!"

"मग द्या इकडं."

मॅडमनी जीभ टेकवली. चिकटली नाही.

"शंकेखोर!" कुणीतरी ओरडलं. मॅडम हलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी कौलाचा एक तुकडा काढला. "शाळेच्या छपराचं फुटकं कौल. धुऊन आणलंय. कोण जीभ लावतं?"

धनाजीभावजी हसत पुढं झाले, आणि तसेच राहिले. कौल जिभेला लटकलं होतं. मग दुसऱ्यानं लावून बघितलं, मग तिसऱ्यानं. मांडवात खसखस पिकली.

"भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात," मॅडम म्हणाल्या. "ती जिभेवरचं पाणी ओढून घेतात, म्हणून जीभ धरली जाते. हजारो वर्षं मातीत पडलेलं हाडही असंच होतं. यात भाव नाही, पाप नाही."

"मग तुमची का न्हाई चिकटली?" महाराज गरजले.

मॅडमनी तुकडा पुन्हा मागितला. महाराजांनी तो फडक्यात गुंडाळला. गर्दी पुन्हा महाराजांकडे झुकू लागली.

"म्हाराजांनी तुकडा उलटा केला."

आवाज इतका घोगरा होता की आधी कुणाला कळेना कुणाचा. सृष्टी उभी राहिली होती.

"एक बाजू चकाकती. तिला डब्यातलं पालिश लावत्यात. ज्याला चिकटवायचं न्हाई, त्याला फडक्याखाली फिरवून ती बाजू देत्यात. आईलाबी तसंच दिलं."

महाराजांनी तुकडा छातीशी धरला. तो त्यांच्या हातातून काढून घेतला आबांनी. आबांनी एका बाजूला जीभ लावली. चिकटली. दुसऱ्या बाजूला लावली. घसरली. पुन्हा लावून बघितली. मग ते गोठ्यात गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन आले. विटेएवढी, वर आडव्या उंचवट्यांच्या रांगा.

"हेबी तितंच घावलं. म्हाराज म्हनलं, दैत्याचं हत्यार हाय, कुनाला दावू नगा."

मॅडमनी ती उन्हात धरली. "आबा, ही दाढ आहे. हत्तीची. मोबाइलवर फिरणारा हाडाचा फोटो मी भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवला होता. ते म्हणाले, हत्तीच्या मांडीचं हाड अगदी माणसाच्या हाडासारखं दिसतं, फक्त थोराड. दात मिळाला की वाद मिटेल. फार पूर्वी ह्या काठानं हत्ती फिरायचे."

"म्हंजे त्यो बुडालाबी न्हाई आन् वाचलाबी न्हाई?" धनाजीभावजींनी विचारलं.

"तो नव्हताच," मॅडम म्हणाल्या.

महाराज उसातून सटकले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, त्यावर माझी सही आहे आणि खाली आबांची. पंधरवड्यात पोलिसांनी महाराजांना पकडलं. त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी आबा, सृष्टी आणि मी सांगलीला गेलो होतो. डॉक्टर चिडले, मग त्यांनी रक्त तपासलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. गेलेले महिने भरून येतील का, असं आबांनी विचारलं. "बऱ्यापैकी येतील. सगळे येतील असं सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. आबांनी चिठ्ठी मागून घेतली आणि गोळ्या स्वतः जाऊन आणल्या.

मला अडाणी माणसांची गोष्ट सांगायची नाही. मी शिकलेली आहे आणि तीन महिने मी स्वतःलाच पापी समजत होते. तेव्हा एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर वाद घालायच्या आधी वस्तू हातात मागा, दोन्ही बाजूंनी बघा. हात लावू देत नसेल तर तिथून उठा. ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि लेकराचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर बंद करू नका, मग तो शब्द कुठल्याही ग्रंथातला असो, किंवा घरातल्या सगळ्यात थोर माणसाचा.