आसिमीनाचं घंगाळ

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. माझी एक कडी ढिली झाली आहे आणि पोटाला एका बाजूने पोचा आला आहे. सध्या मी जिथे आहे तिथे माझ्या आजूबाजूला लाकडी पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीवर एकेक नाव लिहिलं आहे. घाबरू नका. ती सगळी माझ्या ओळखीची माणसं आहेत.

समुद्रापलीकडच्या एका शहरात, तांबटांच्या आळीत माझा जन्म झाला. ठोके खाऊन खाऊन मी गोल झालो. तांबटाने माझ्या पोटाला चकचकीत कल्हई लावली, मला बोटीत चढवलं आणि मी या बेटावर आलो. डोंगरावरच्या गावात आसिमीनाच्या आजीचं घर होतं, तिथे मी राहिलो. सुरुवातीला माझ्यात बकरीचं दूध तापायचं, लेकरांच्या आंघोळी व्हायच्या. मग एकदा घरातल्या म्हाताऱ्या काकांची हाडं धुवायची वेळ आली आणि गावात माझ्याएवढं मोठं भांडं दुसरं नव्हतं. एकदा ते काम केल्यावर माझ्यात दूध कोण तापवणार? त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली.

आमचं गाव लहान आणि दफनभूमी त्याहून लहान. खडकात कबरी खोदणार तरी किती? म्हणून मेलेल्या माणसाला तीन वर्षं मातीत झोपू द्यायचं. मग बायकांनी जाऊन त्याला वर काढायचं, हाडं लाल वाइनमध्ये धुवायची, उन्हात वाळवायची आणि पेटीत घालून देवळामागच्या खोलीत ठेवायची. हाडं मेणासारखी पिवळी निघाली की गाव म्हणायचं, सुटला बिचारा.

पुढे हे काम आजीची नात आसिमीना करायची. जाड मनगटांची, काळ्या रुमालाची, तिखट जिभेची बाई. जिवंत माणसांशी ती फटकून वागे, मेलेल्यांशी मात्र फार गोड बोले. कवटी दोन्ही हातांनी माझ्यात धरून म्हणायची, "आलास? ये, ये. दमलास ना? आता झालं हं सगळं." मग एकेक हाड धुताना घरच्या बातम्या सांगायची. "तुझ्या धाकटीला मुलगी झाली. तुझ्यासारखंच नाक आहे, काय करणार! आणि तुझा भाऊ अजून तस्साच आहे, गाढव." भोवतालच्या बायका रडता रडता हसायच्या. पायांची हाडं सगळ्यात शेवटी यायची. ती बारीक बारीक हाडं माझ्या तळाला खड्यांसारखी वाजायची. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

आसिमीनाची सून सेवास्ती. खाली बंदरावरून या घरात आलेली, अबोल पोरगी.

"अगं, हाडं धुतेस की ताटल्या?" आसिमीना तिच्यावर खेकसायची. "आणि तोंडाला काय कुलूप लावलंयस? तीन वर्षं त्याला कुणी हाक मारली नाहीये!"

हळूहळू सेवास्ती शिकली. हात शिकले, मग तोंडही शिकलं. एकदा मला लिंबाने घासता घासता आसिमीना तिला म्हणाली, "माझी पाळी येईल तेव्हा यातच धू मला. आणि मुकाट्याने धुतलंस तर याद राख. तश्शी उठून चालायला लागेन."

"आई, कशाला असलं अभद्र बोलता?"

"अभद्र काय त्यात? सगळ्या गावाला मी ये म्हटलं. मला कुणी ये म्हणायचं की नाही?"

सेवास्तीने माझ्या काठावर हात ठेवून शब्द दिला.

बोटी बंद असतात अशा वाऱ्याच्या दिवसांत आसिमीना गेली. वर्ष उलटलं आणि तिच्या मुलाने, म्हणजे सेवास्तीच्या नवऱ्याने, निकितासने, घर विकून टाकलं. भांड्याकुंड्यांसकट. त्यात मीही गेलो.

घराचं हॉटेल झालं. गोठ्यात मालिशची खोली आली. पावाच्या भट्टीपाशी माणसं डोळे मिटून बसू लागली. दूरदूरच्या देशांतली दमलेली, श्रीमंत माणसं इथे महिना महिना येऊन राहतात. दारात फोन काढून देतात, सावकाश चालतात, सावकाश चावतात, कुजबुजत बोलतात.

"एवढे पैसे मोजून गप्प बसायला येतात म्हणे," आसिमीनाची मैत्रीण मारिगूला म्हातारी कुंपणापलीकडून म्हणायची. "आमच्या दफनभूमीत फुकटात बसतात की!"

हॉटेलची सगळी व्यवस्था मिर्तोकडे होती. अथेन्सची, हसरी, कामाला वाघ. बाई वाईट नव्हती, पण मी कोण, काय काम करायचो, हे तिने कुणाला विचारलंच नाही. माझी कल्हई मात्र खरवडून काढली. आतलं गुलाबी तांबं दिसायला छान दिसतं म्हणे! मग माझ्यात गरम पाणी, लाल वाइन आणि डोंगरावरची पानं घालून पाहुण्यांचे पाय बुडवायचं ठरलं. पाय धुवायला बाई ठेवली सेवास्ती. ज्या घरात सून म्हणून नांदली, त्याच घरात ती कामाला आली.

पहिल्या दिवशी मला तिथे पाहून ती जागच्या जागी थिजली. खरं सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती आणि मी भंगारात गेलो असतो. मिर्तोने तिला पाहुण्यांच्या भाषेतली वाक्यं शिकवली होती, ती तिने म्हटली: "डोळे मिटा. हळूच श्वास आत घ्या. आता सोडा." समोर एक किडकिडीत, पिकल्या केसांची बाई होती. तिला म्हणे कित्येक महिने झोप नव्हती. तिचे पाय माझ्यात आले आणि मित्रांनो, मी शहारलो. माझ्या तळाला ती हाडं ओळखीची वाटली. त्यांच्यावर अजून मांस होतं, एवढाच काय तो फरक.

सेवास्तीलाही ते जाणवलं असणार. वाइनचा वास, माझा काठ, अंगठ्याखाली बारीक हाडं. तिचं तोंड आपोआप बोलून गेलं, "आलीस? ये, ये. दमलीस ना? आता झालं हं सगळं."

लगेच जीभ चावून ती तीनदा थू थू करून थुंकली. जिवंत माणसाला हे शब्द म्हणजे केवढा अपशकुन! पण त्या बाईला आमची भाषा कुठे कळत होती? ती हमसून हमसून रडली आणि तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं.

मिर्तो धावतच आली. "सेवास्तीबाई, काय म्हणालात हो तुम्ही त्यांना?"

"काही नाही. ये म्हटलं."

"मग सगळ्यांना म्हणा की! रोज म्हणा!"

तेव्हापासून रोज ते सुरू झालं. आधी डोळे मिटा, मग श्वास घ्या, मग आलीस, ये, ये. पाहुणे सुखावायचे. मला मात्र धडकी भरायची. हाक मारली की येणारे येतातच ना! ज्यांना मी धुतलं होतं ते एकेक करून त्या खोलीत येऊ लागले. भिंतीशी उभे राहू लागले. पुन्हा का बोलावलंत, असं काहीसं त्यांच्या उभं राहण्यात असायचं. पाहुणे म्हणायचे, "इथे किती शांत वाटतं, जसं कुणीतरी सोबत आहे." सेवास्ती भिंतीकडे पाठ करून बसायची. आसिमीना मात्र त्यांत कधी आली नाही. ती अजून मातीत होती.

तीन वर्षं भरली. मारिगूला मागच्या दारी आली. "सेवास्ती, बेकरीवाला शेवटच्या घटका मोजतोय. जागा लागणार. शनिवारी आसिमीनाला वर काढू. घंगाळ आणशील ना?"

सेवास्तीने मिर्तोला गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मिर्तो याच देशातली. तिच्याही आजीची हाडं अशीच वर काढली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण मीसुद्धा यात पाय..."

"हो. तुम्हालाही मी ये म्हटलं होतं."

मिर्तोने छातीवर क्रुसाची खूण केली. "शनिवारी न्या. दुपारपर्यंत परत आणा. आणि पाहुण्यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये."

शनिवारी निकितासने मला पाठीवर घेऊन दफनभूमीत आणलं. माती निघाली. मारिगूलाने आसिमीनाची कवटी पांढऱ्या फडक्यात उचलून सेवास्तीच्या हातात दिली. माझ्यात वाइन ओतली गेली. बायका थांबल्या. आता सेवास्तीने ते शब्द म्हणायचे होते. तिने कवटी माझ्यात धरली, तोंड उघडलं आणि हॉटेलातल्या मऊ आवाजात, पाहुण्यांच्या भाषेत म्हणाली,

"डोळे मिटा. हळूच श्वास आत घ्या. आता सोडा."

मारिगूलाला बोटींवर काम केल्यामुळे ती भाषा येत होती. "अगं बये," ती म्हणाली, "ती श्वास कुठून घेणार?" आणि फिस्सकन हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं.

सेवास्तीच्या हातातली कवटी माझ्या काठावर आपटून टण् असा आवाज झाला. "आई, चुकले," ती म्हणाली. "तुमचे शब्द मी परक्यांना वाटून टाकले. रोज वाटले. आता तुमच्यासाठी माझ्या तोंडात काही उरलंच नाही हो."

मला फार भीती वाटली. दिलेला शब्द मोडणार आणि आसिमीना कुणी न बोलावता पेटीत जाणार, असं वाटलं. सेवास्ती नुसतीच धूत होती. हात चालत होते, तोंड बंद होतं. बिनकल्हईचं तांबं, त्यात आंबट वाइन. काठाला हिरवं चढू लागलं.

"कळकलं गं हे," मारिगूला म्हणाली.

"कल्हई खरवडली त्यांनी," सेवास्ती पुटपुटली. मग एकदम तिचा आवाज चढला. "कल्हई खरवडली, आई! घर विकलं. तुमच्या मुलाने विकलं, हा बघा इथेच उभाय, गाढव कुठला! तुमची भट्टी गार पडलीय. गोठ्यात लोक उघडे झोपून तेल लावून घेतात!"

बायका हसू लागल्या. निकितासने टोपी काढली आणि तो खाली बघत उभा राहिला. सेवास्तीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज थेट आसिमीनाचा आला होता. उभा जन्म तिने सासूला अहोजाहोच केलं होतं. आता कवटी गालाला लावून ती म्हणाली, "आलीस? ये गं, ये. दमलीस ना? आता झालं हं सगळं."

माझ्या मागोमाग हॉटेलातून जे जे आले होते, भिंतीशी उभे राहणारे, ते तेव्हा आपापल्या पेट्यांकडे परतले. मी त्यांना जाताना पाहिलं. आसिमीनाची हाडं मेणासारखी पिवळी निघाली. फक्त उजव्या हाताच्या बोटांना हिरवट डाग पडला होता. सेवास्तीने खूप पुसलं, पण तो गेला नाही. हाडं वाळल्यावर तो डाग तसाच पेटीत गेला.

दुपारी बायका मेलेल्यांच्या नावाने गोड गहू वाटत होत्या तेव्हा फाटकाशी हॉटेलची गाडी आली. मिर्तो स्वतः आली होती. "सेवास्तीबाई, पाहुणे खोळंबलेत."

"येते ना. पायही धुते. प्लास्टिकच्या टबात धुते. घंगाळ येणार नाही. आणि ते शब्दही येणार नाहीत."

"अहो, मग मी त्यांना काय सांगू?"

"सांगा, मालकीण परत आली."

मिर्तोने उन्हात वाळत घातलेल्या हाडांकडे पाहिलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

तेव्हापासून मी इथे, देवळामागच्या खोलीत आहे. सेवास्ती अजून हॉटेलात जाते. अधूनमधून येऊन मला लिंबाने घासते. कल्हईवाला आता या बेटावर येत नाही. मारिगूलाही पेटीत गेली. गावातल्या मुली अथेन्सला गेल्या, सेवास्तीला मूलबाळ नाही. परवा माझ्या काठावर हात ठेवून ती म्हणाली, "मला कोण रे ये म्हणेल?" मला घुमता येतं, पण तिला ऐकू जाईल असं बोलता येत नाही.

मित्रांनो, कुणाचं जुनं भांडं उचललंत तर आधी विचारा, बाबा, तू काय काम करत होतास? त्याची कल्हई खरवडू नका. आणि आसिमीनाचे ते शब्द गंमत म्हणून कधी म्हणू नका. कुणीतरी येतं, आणि मग भिंतीशी उभं राहतं. पण पाठ मात्र करून ठेवा. सेवास्तीची पाळी येईल तेव्हा इथे कुणी नसलं, तर तुम्ही असाल तिथून तिचं नाव घेऊन एकदाच म्हणा. आलीस सेवास्ती? ये, ये. दमलीस ना? आता झालं हं सगळं.

एवढं कराल ना? तिला मी मनातल्या मनात तसं कबूल केलं आहे.