केरबाचा खुंटा

केरबाला पाण्यातलं कळतं, हे वारणाकाठच्या त्याच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात त्याला कुणी गंडवलं असेल, दोनदा गंडवलंयही, पण पाण्याच्या बाबतीत बिशाद नाही कुणाची. नदी फुगायला लागली की हा गडी बाभळीचा खुंटा घेऊन काठाला जायचा, पाण्याच्या कडेला ठोकायचा आणि विडी पेटवून बसायचा. अर्ध्या तासात खुंटा किती बुडाला ते बघून सांगायचा, म्हशी सोडा, नाहीतर निवांत जेवा. एकोणीस सालच्या पुरात त्याच्या शब्दावर अख्खी गल्ली वेळेत बाहेर पडली. त्या दिवसापासून मात्र पाण्याबद्दल दुसऱ्या कुणी तोंड उघडलेलं त्याला खपेना.

डिसेंबरात पोरानं, विजयसिंहानं, समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या खोल्या घेतल्या. सून बँकेत, तिला रजा मिळाली नाही. मंडळी गाडीत बसताना तिनं आपली आठ वर्षांची पोर संयोगिता केरबाच्या हातात दिली आणि म्हणाली, "मामा, हिला पाण्यापाशी एकटी सोडू नका बरं."

"आगं, मी हाय की!" केरबा म्हणाला. तेवढ्यात त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं गोठ्यातला खुंटा आणि हातोडा डिकीत टाकला. बायको तानाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

गगनबावड्याचा घाट उतरून दुपारी चारला ते पोचले. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथंच हॉटेल होतं, जाड भिंतींचं, बुटक्या दारांचं. चहा घेऊन आलेला वाढपी आकाराम मूळचा गगनबावड्याचा निघाला. मग काय, गप्पांना तोंड फुटलं.

"ही पूर्वीची गुळाची वखार हाय बगा," आकाराम म्हणाला. "आपल्या मुलखातला गूळ बैलांच्या पाठीवरनं घाट उतरून हितं यायचा. हितनं गलबतात. जाताना बैलं मीठ घेऊन वर चढायची."

आणि मग त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. समोर वाळूचा लांब दांडा समुद्रात शिरला होता, आणि त्याच्या टोकाला एक काळा दगडी खांब उभा होता.

"त्यो सातांचा खांब. एका हंगामात देशावरचे सात गडी गूळ उतरवून त्या वाळूवर थांबले. कोरडी वाळू बघून खुंट्या ठोकल्या, बैलं बांधली, भाकरी खाऊन तिथंच आडवे झाले. सकाळी ना माणूस, ना बैल. मग वखारीच्या मालकानं खांब उभा केला. पाय ठेवायला खोबणी हायत त्याला. अडकलेल्या माणसानं वर चढून बसावं म्हणून."

केरबा हसला. "पाण्याकडं बगून झोपायची अक्कल नव्हती म्हणायची त्यांना."

"तसं न्हाय, पावणं. आज अमावस्या हाय, उधाणाचं पाणी. पाचला पुरी ओहोटी. खांब बगायचा तर बगा, पण पाचाला म्हागारी फिरा."

"मला पाणी शिकवतोस व्हय?" केरबाचा आवाज एकदम चढला. "एकोणीस साली कुठं होतास तू?"

आता सांगा, पाण्याकाठी राहणाऱ्या माणसाचं ऐकावं की नाही? पण ऐकेल तर तो केरबा कसला! घाटातल्या वळणांनी थकलेला विजयसिंह खोलीत घोरत होता. तानाबाई पाय चेपत बसली होती. फोन तिच्यापाशी टाकून केरबानं खांद्यावर खुंटा घेतला, पोरीचं बोट धरलं आणि निघाला.

वाळू कोरडी ठणठणीत होती. संयोगिता शंख वेचत पुढं पळत होती. खांबापाशी पोचल्यावर केरबा पाण्याच्या कडेला गेला, लाटेपासून हातभर वर त्यानं खुंटा ठोकला आणि पोरीला बजावलं, "ह्यो भिजला की जायाचं. तवर खेळ."

"आबा, तुम्हाला सगळं पाणी कळतं?"

"सगळं."

तो खांबाला टेकून विडी ओढत बसला. पाच वाजले, साडेपाच झाले. लाट खुंट्याच्या जवळ यायची आणि मागं जायची. खुंटा कोरडाच. केरबाला आकारामाची कीव आली. सूर्य टेकायला आला तेव्हा कुठं पहिल्यांदा खुंट्याच्या बुडाशी फेस आला. केरबा सावकाश उठला, धोतर झटकलं आणि किनाऱ्याकडं वळला.

किनारा होता, हॉटेलही होतं. मधली वाळू मात्र नव्हती.

पुराचं पाणी एका बाजूनं येतं. नदी एकीकडं, गाव एकीकडं, माणसानं नदीकडं तोंड करून बसावं. आयुष्यभर तो तसाच बसला होता. हे पाणी खाडीतून आलं होतं, पाठीमागून, हॉटेलजवळच्या सखल वाळूवरून, गुपचूप. तो खुंट्यावर डोळे लावून बसला तेव्हाच वाट बुडाली होती.

"चल गं पोरी, चल!" त्यानं तिला कडेवर घेतलं आणि पाण्यात घुसला. गुडघाभर, मांडीभर, आणि मग खालून अशी ओढ लागली की तो एका गुडघ्यावर आला. पोर किंचाळली. कसाबसा तोल सावरून तो मागं फिरला. एकटा असता तर पोहून गेला असता. पण आठ वर्षांचं लेकरू घेऊन? सून दारात उभी राहिलेली दिसली त्याला, आणि स्वतःचा आवाज ऐकू आला, मी हाय की.

"खांबावर चढ. चढ म्हणतोय ना! खोबणीत पाय घाल."

खांबाच्या माथ्यावर एकच माणूस बसेल एवढी जागा होती. त्यानं पोरीला वर चढवलं, अंगावरचं धोतर सोडलं, तिच्या कमरेभोवती आणि खांबाभोवती दोन वेढे मारून गाठ घातली. मग पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, खांबाला मिठी मारून तो खाली उभा राहिला. किनाऱ्याकडं तोंड करून त्यानं गाव गोळा होईल अशी आरोळी ठोकली. लाटांनी ती जागच्या जागी गिळली.

पाणी कमरेला आलं. तोही चढायला बघत होता, पण शेवाळलेल्या खोबणीत त्याचा पाय ठरत नव्हता. केरबा सात गड्यांचा विचार करत होता. अक्कल नव्हती म्हणाला होता तो त्यांना. कोरडी वाळू बघून त्यांनी खुंट्या ठोकल्या, त्यानंही खुंटा ठोकला. मग त्यांच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? एवढाच, की ते मेले म्हणून हा खांब होता आणि खांब होता म्हणून पोर वर होती.

"आबा, तुम्ही पण वर या ना."

"मी हितंच बरा हाय."

"आबा, अजून किती येणार पाणी?"

त्यानं सवयीनं खुंट्याकडं बघितलं. खुंटा कुठंच दिसत नव्हता. पाणी छातीला लागलं होतं आणि अंधारायला लागलं होतं.

"ठावं न्हाय, बाळा," तो म्हणाला. "मला न्हाय ठावं."

तोवर पोर धीरानं बसली होती. हे ऐकलं आणि तिनं गळा काढला. आबाला पाण्यातलं माहीत नाही, हे तिनं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. तिचं ते रडणं केरबाला पाण्यापेक्षा भारी पडलं. तोही रडला, मोठ्यानं, लाज न बाळगता.

त्या रडण्याचा आवाज पोचला म्हणा किंवा तानाबाईनं खिडकीतून खांबावरचा पिवळा फ्रॉक बघितला म्हणा, किनाऱ्यावर बॅटऱ्या हलायला लागल्या. पाणी केरबाच्या गळ्याशी आलं होतं. प्रत्येक लाटेला त्याचे पाय सुटायचे, हात तेवढे खोबणीत रुतलेले. मग होडीचं तोंड दिसलं. पुढं दोर घेऊन आकाराम उभा होता, मागं एक मच्छीमार वल्ही मारत होता.

"आधी पोरगी!" केरबा ओरडला आणि तोंडात पाणी गेलं.

आकारामानं धोतराची ओली गाठ दातानं सोडवली. पोर होडीत आली. मग दोघांनी मिळून केरबाला बगलेत धरून वर ओढला.

किनाऱ्यावर विजयसिंहानं पोरीला उचलून छातीशी घेतलं. बापाकडं त्यानं नुसतं बघितलं आणि आत निघून गेला. हॉटेलच्या दिवाणखान्यात केरबा पट्ट्यांच्या चड्डीवर कुडकुडत उभा राहिला, पण एक माणूस हसला नाही. तानाबाईनं त्याच्या अंगावर चादर टाकली.

"लई कळतंय न्हवं तुमास्नी पाण्यातलं?" ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "आवो, काय तोंड दाखवलं असतं पोरीच्या आईला?"

केरबानं विजयसिंहाच्या खोलीचं दार वाजवलं. सुनेला फोन लावायला सांगितला आणि सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आकारामानं बजावलेलंसुद्धा. मग, "संयूला द्या," एवढंच ती म्हणाली.

सकाळी सहाला पुन्हा ओहोटी होती. केरबा हॉटेलच्या पायरीवर आला. दांडा लख्ख कोरडा पडला होता, काल काही झालंच नाही असा. आणि टोकाला, खांबाच्या पलीकडं, खुंटा उभा होता. जिथं ठोकला तिथंच, सरळ. रात्रभर त्याच्यावरून दोन पुरुष पाणी गेलं होतं.

पाठीमागं हलकी पावलं वाजली. संयोगिता आली होती. ती नेहमीसारखी बोट धरायला आली नाही, हातभर लांब उभी राहिली.

"आबा, तुमचा खुंटा राहिलाय. आणायचा?"

केरबानं वाळूकडं बघितलं, खाडीकडं बघितलं. कपबशा गोळा करत आकाराम ओसरीवर आला होता.

"आकाराम," केरबा म्हणाला. आवाज इतका खाली होता की त्याचा त्यालाच ओळखू येईना. "पाणी कवा भरंल रं? पोरीला घिऊन गेलो तर म्हागारी यायला घावंल का?"

"आत्ता गेलासा तर घावंल. पर अर्ध्या तासात फिरा. मी हितंच हुबा ऱ्हातो, हाक मारली की वळा."

"तू म्हणशील तवा," केरबा म्हणाला.

तेव्हा पोरीनं त्याचं बोट धरलं.